वही बदलायची, माल तोच ठेवायचा

गेल्या अंकात पेनड्राइव्हबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती : 'फाइल सिस्टिम नंतर बदलताही येते.' कशी, ते न सांगताच पान संपलं. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं त्या एका ओळीवरच आहेत. तेव्हा बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी (प्रिंटरवाल्यांनी रागावू नये), आज एवढंच निस्तरू.

एक सूचना. कॉम्प्युटरला टाइप करून द्यायच्या आज्ञा (कमांड) इथं देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

प्रश्न : ताई, मी पक्ष्यांचे व्हिडिओ काढतो. ५०० जीबीची बाहेरून लावायची जुनी हार्ड डिस्क आहे, तिच्यात ९ वर्षांचं काम, साधारण ३८० जीबी. परवा ६.२ जीबीची एक फाइल टाकायला गेलो, तर 'फाइल फार मोठी आहे' म्हणून नकार. आत ८० जीबीच्या वर जागा रिकामी दिसते! ओळखीतला एक मुलगा म्हणाला, 'फॉरमॅट मारा काका, होईल.' फॉरमॅट मारलं तर सगळंच जाईल ना? काही न घालवता हे होतं का?

होतं. आणि त्या मुलाचं ऐकलं नाहीत हे फार बरं केलंत.

तुम्हाला अडवतेय ती जागा नव्हे, वही. हार्ड डिस्क म्हणजे एक वखार धरा. आत माल रचलेला, दाराशी एक वही : कुठला माल, कुठल्या खणात, वजन किती. ही वही लिहायची जी पद्धत, तिला फाइल सिस्टिम म्हणायचं. तुमच्या डिस्कवरची पद्धत फॅट-३२ असणार. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलंत की 'फाइल सिस्टिम'समोर ते लिहिलेलं दिसेल. या पद्धतीत वजनाचा रकाना ३२ बिटांचा आहे. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. तुमची फाइल वखारीत मावते, पण रकान्यात मावत नाही. फॅट-३२ आली १९९६ साली, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर. तेव्हा बहुतेकांची अख्खी हार्ड डिस्कसुद्धा ४ जीबीची नसायची, त्यामुळं रकाना आखणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

फॉरमॅट म्हणजे ही वही फाडून तिथं कोरी वही ठेवणं. तुम्हाला हवंय ते वेगळं : माल जागच्या जागी राहावा आणि वही तेवढी नव्या पद्धतीनं लिहिली जावी. नेमकं हेच करणारी 'कन्व्हर्ट' नावाची आज्ञा विंडोजमध्ये 'विंडोज एनटी' या जुन्या आवृत्तीच्या दिवसांपासून आहे. ती फॅट किंवा फॅट-३२ ची वही एनटीएफएस नावाच्या दुसऱ्या पद्धतीनं लिहिते. या एनटीएफएसला 'नवी' म्हणायची सवय आहे आपल्याला, पण ती १९९३ ची, विंडोज एनटी ३.१ बरोबरची, वयानं फॅट-३२ पेक्षा तीन वर्षांनी थोरली. तिच्यात वजनाचा रकाना इतका मोठा आहे की तुमच्या कॅमेऱ्यातून निघणारी कुठलीही फाइल त्यात बसेल.

कन्व्हर्ट काम कसं करतं ते कळलं की भीती निम्मी होते. ते आधी जुनी वही तपासतं. तिच्यात गोंधळ सापडला तर तिथंच थांबतं. मग रिकाम्या जागेत किती खण लागतील याचा हिशेब मांडून स्क्रीनवर दाखवतं. तुमच्याकडं ८० जीबी मोकळे आहेत, तेव्हा ती अडचण नाही. मग त्या मोकळ्या जागेत नवी वही लिहून काढतं. मालाला सहसा हात लावत नाही. आणि अगदी शेवटी दारावरची पाटी बदलतं. त्या पाटीला बूट सेक्टर म्हणतात, आणि ती शेवटी बदलण्यामागं विचार आहे : मधेच वीज गेली तरी दारावर जुनीच पाटी असावी. वेळ लागतो तो जीबींच्या हिशेबानं नव्हे, फाइलींच्या संख्येच्या हिशेबानं. तुमचे मोठे व्हिडिओ असल्यानं फाइली मोजक्या, काम लवकर उरकेल. मी एकदा ८६ हजार छोट्या फाइलींची डिस्क फिरवली होती, तिला पंचवीस मिनिटं लागली. त्यातली निम्मी नुसत्या तपासणीत.

कृती अशी. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. डिस्कचं अक्षर ई आहे असं धरते. पहिली आज्ञा :

चेकडिस्क ई: /एफ

(चेकडिस्कचं स्पेलिंग सी-एच-के-डी-एस-के असं आखूड आहे.) ती 'काही चूक नाही' किंवा 'दुरुस्त केलं' म्हणाली, तरच दुसरी :

कन्व्हर्ट ई: /एफएस:एनटीएफएस

ते डिस्कचं नाव विचारेल; त्यावर बऱ्याच जणांची गाडी अडते, म्हणून ते शेवटच्या पत्रात वेगळं घेतलंय. 'ड्राइव्ह वापरात आहे, पुढच्या वेळी मशिन सुरू होताना करू का?' असं विचारलं तर बाहेरच्या डिस्कसाठी मी नाही म्हणते, उघडे फोल्डर नि प्रोग्रॅम बंद करते आणि पुन्हा आज्ञा देते. लॅपटॉप असेल तर चार्जरला लावून ठेवा. केबल सैल असेल तर आधी बदला. आणि काम चालू असताना डिस्क उचलून बाजूला ठेवायची नाही, टेबल पुसायचं नाही.

आता खरं बोलते. कन्व्हर्टवर माझा भरवसा आहे. तुमच्या डिस्कवर नाही. मी बावीस वर्षं एका कार्यालयाची कॉम्प्युटर रूम सांभाळली, कन्व्हर्ट कितीदा चालवलं याची गणती नाही, आणि त्या आज्ञेनं स्वतःहून फाइल खाल्ल्याचं एकदाही पाहिलं नाही. पण एका जुन्या डिस्कवर ते चालू केलं, आणि तपासणी चाळीस टक्क्यांवर असताना आतून टक-टक आवाज यायला लागला. पाच मिनिटांत डिस्क दिसेनाशी झाली. वर्षानुवर्षं ती डिस्क आपल्या ठरावीक कोपऱ्यात वाचत-लिहीत बसली होती. आम्ही तिला एका दुपारी सगळ्या वखारीतून पळवलं, आणि तिचा दम निघाला. आदल्या संध्याकाळी दुसरीकडं प्रत काढून ठेवलेली होती म्हणून मी आज हे सहज लिहितेय. नसती तर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नसती.

तेव्हा ९ वर्षांचं काम असेल तर आधी ३८० जीबीची दुसरी प्रत, मग कन्व्हर्ट. 'प्रत काढायचीच तर मग कन्व्हर्ट कशाला, फॉरमॅटच करतो' असं तुम्ही म्हणाल, आणि ते चूक नाही. फरक एवढाच की कन्व्हर्ट नीट झालं तर ३८० जीबी परत आणायचे कष्ट वाचतात.

शेवटचं : हा रस्ता एकेरी आहे. एनटीएफएसवरून परत फॅट-३२ वर आणणारी आज्ञा विंडोजमध्ये नाही. ही डिस्क तुम्ही टीव्हीला, एखाद्या जुन्या प्लेअरला किंवा मॅकला लावत असाल, तर ते यंत्र एनटीएफएस वाचतं का, ते आधी पाहा.

प्रश्न : माझी २ टीबीची डिस्क एक्सफॅट आहे, १.३ टीबी भरलेली. सगळे म्हणतात एनटीएफएस चांगली. कन्व्हर्ट केलं तर ते म्हणतं की एक्सफॅट ड्राइव्हसाठी ही सोय नाही. दुसरी डिस्क नाही. इंटरनेटवर 'डेटा न जाता बदला' असे प्रोग्रॅम दिसतात, त्यातला एखादा वापरू का?

नको.

एक्सफॅट ही मायक्रोसॉफ्टनंच २००६ मध्ये आणलेली तिसरी पद्धत, मुख्यतः पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसाठी. तिला ४ जीबीची अडचण नाही. पण कन्व्हर्ट तिला ओळखत नाही, तेव्हा जागच्या जागी बदल करायचा विंडोजचा स्वतःचा रस्ता इथं बंद. अर्धी डिस्क आकसून बाजूला नवा भाग करावा आणि थोडं थोडं हलवावं, अशी युक्ती काही जण सांगतात. पण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकसायची सोय फक्त एनटीएफएसला आहे, एक्सफॅटला नाही. शिवाय तुमची डिस्क निम्म्याहून अधिक भरलेली. ते जमलं असतं तरी १.३ टीबी माल दोरीवरून चालवल्यासारखं झालं असतं. जाहिरातीत 'डेटा न जाता' म्हणणारे प्रोग्रॅम बऱ्याचदा आतल्या आत प्रत काढणं, फॉरमॅट आणि परत आणणं हेच करतात, आणि त्यालाही दुसरी जागा लागतेच.

पण त्याआधी मला एक विचारायचंय : बदलायचं कशासाठी? 'सगळे म्हणतात' हे कारण नाही. एनटीएफएसचा खरा फायदा असा की ती आधी कच्च्या वहीत नोंद करते, मग पक्क्या वहीत उतरवते. मधेच केबल निघाली तर कच्च्या वहीवरून पक्की वही सावरता येते. (वहीच फक्त; अर्धवट लिहिलेला माल नव्हे.) एक्सफॅटला कच्ची वही नाही. तिच्यात लिहिणं चालू असताना ओढून काढलंत तर पक्की वहीच फाटू शकते. तुम्ही डिस्क दर वेळी 'सेफली रिमूव्ह' करून काढता का? मॅकवरही वापरता का? दोन्हीला हो असेल तर एक्सफॅटच बरी, काही बदलू नका. डिस्क कायम एकाच विंडोज मशिनला जोडलेली राहते, आणि मधेच वीज जाते? मग एनटीएफएस करा, आणि त्यासाठी कुणाकडून तरी दोन दिवसांकरता डिस्क मागून आणा.

आणलीत की पुढं हे. आधी 'कट' हा शब्द विसरून जा; कॉपी म्हणजे कॉपी. माऊसनं ओढून १.३ टीबी टाकू नका. एका फाइलीवर अडलं की एक्सप्लोरर तुमची वाट पाहत बसतो, तुम्ही झोपलेले असता. विंडोज व्हिस्टापासून आत बसलेली 'रोबोकॉपी' वापरा :

रोबोकॉपी ई:\ डी:\प्रत /ई /आर:१ /डब्ल्यू:१ /एक्सडी "सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन" "$रिसायकल.बिन"

यातले आर आणि डब्ल्यू कधीही गाळू नका. हे दोन नसतील तर रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या फाइलीवर १० लाख वेळा प्रयत्न करते, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. मी गुणाकार केलाय : एका खराब फाइलीमागं ३४७ दिवस. इतकी चिकाटी मी आमच्या कार्यालयात कुणात पाहिली नाही. 'आर:१ डब्ल्यू:१' म्हटलं की ती एकदा पुन्हा पाहते आणि पुढं जाते, शेवटी 'फेल्ड'च्या रकान्यात अशा फाइलींची संख्या देते. तिथं शून्य हवं. आणखी एक गंमत : ड्राइव्हच्या मुळापासून कॉपी केलं की कधी कधी नवा 'प्रत' फोल्डर दिसेनासा होतो. घाबरू नका. त्याला मुळाचे 'लपलेला' आणि 'सिस्टिम' हे गुण चिकटलेले असतात. 'ॲट्रिब -एच -एस डी:\प्रत' एवढं म्हटलं की तो पुढं येतो. पहिल्यांदा माझ्या बाबतीत हे झालं तेव्हा मी रात्री साडेदहा वाजता टेबलाखाली केबल तपासत होते.

यानंतरची पायरी सगळे गाळतात. ती म्हणजे ताळा. आधी एकीकडचे, मग दुसरीकडचे सगळे फोल्डर निवडा, दोन्ही वेळा प्रॉपर्टीज उघडा, फाइलींची संख्या आणि 'साइझ'चे बाइट शेवटच्या अंकापर्यंत जुळवा. मग वेगवेगळ्या वर्षांतल्या वीसेक फाइली प्रतीवरून उघडा. नुसती छोटी चित्रं दिसली म्हणजे उघडलं असं नव्हे. ती चित्रं विंडोजनं वेगळी साठवलेली असू शकतात. व्हिडिओ मधूनच, शेवटूनच चालवून पाहा. सर्वांत मोलाच्या पाच-दहा फाइलींसाठी 'सर्टयुटिल -हॅशफाइल', पुढं फाइलीचं नाव आणि 'एसएचए२५६' अशी आज्ञा दोन्हीकडं द्या. ६४ अक्षरांची एक ओळ येते. ती तंतोतंत सारखी असेल तर फाइल तंतोतंत सारखी. मग डिस्क फॉरमॅट करा, एनटीएफएस निवडा, आणि त्याच पद्धतीनं परत आणा. परत आणल्यावर ताळा पुन्हा. मागून आणलेली डिस्क त्यानंतर परत करायची, आधी नाही.

'क्विक फॉरमॅट'ची खूण ठेवायची का? ठेवली तर फक्त वही बदलते, माल तसाच पडून राहतो, चूक झाली तर काही परत मिळू शकतं. खूण काढली तर व्हिस्टापासूनचं विंडोज सगळ्या डिस्कवर शून्य लिहितं. परतीचा रस्ता नाही, पण डिस्कचा प्रत्येक खण तपासला जातो. जुन्या डिस्कला मी ताळा झाल्यावर पूर्ण फॉरमॅटच देते आणि तिला रात्रभर सोडते.

प्रश्न : मावशी, प्लीज लवकर उत्तर द्या!! ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅट होता, घाईत ओढून काढला. आता लावला की 'वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल' म्हणतो, आणि प्रॉपर्टीजमध्ये 'रॉ' दिसतं. माझा अख्खा प्रोजेक्ट त्यात आहे. रॉचं एक्सफॅट कसं करू?

तुला वेगळं कळवलंच आहे, पण हा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही, म्हणून इथंही.

'रॉ' ही कुठली पद्धत नाही रे. विंडोजला दारावरची पाटी वाचता येईना, एवढाच त्याचा अर्थ. माल बहुतेक आतच आहे. तेव्हा 'रॉचं एक्सफॅट करायचं' हा प्रश्नच चुकीचा. तसं करण्याचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे त्या खिडकीतलं 'फॉरमॅट डिस्क' बटण, ज्यावर तुझं बोट आहे. बोट काढ. कॅन्सल कर.

आधी दुसऱ्या मशिनवर, थेट मशिनच्या पोर्टमध्ये लावून बघ, हबमध्ये नको. कधी कधी एवढ्यानंच काम होतं. नाही झालं तर 'टेस्टडिस्क' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे; तो हरवलेली पाटी किंवा तिची राखीव प्रत शोधतो. एक्सफॅटमध्ये बूट सेक्टरची राखीव प्रत ठेवलेली असतेच. शक्य असेल तर अख्ख्या पेनड्राइव्हची बाइटला बाइट प्रत एका फाइलीत काढून घे आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर कर. मूळ ड्राइव्ह खणात ठेव. तेही फसलं तर त्याच मंडळींचा 'फोटोरेक'. नावावर जाऊ नको, तो डॉक्युमेंट, पीडीएफ, झिप सगळं शोधतो. वहीकडं तो बघतच नाही, सरळ वखारीत शिरून माल ओळखतो. त्यामुळं फाइली मिळतात पण नावं नाही. 'एफ' आणि पुढं एक लांबलचक आकडा. सापडलेलं काहीही त्याच पेनड्राइव्हवर साठवायचं नाही.

नावं नसलेल्या फाइली म्हणजे काय, ते मला विचार. एकदा माझ्यासमोर दोन बाहेरच्या डिस्क होत्या, दोन्हीचं नाव 'न्यू व्हॉल्यूम', आणि मी भरलेली फॉरमॅट केली. क्विक होतं म्हणून वाचले. फोटोरेकनं ११ हजार फोटो काढून दिले, सगळे आकड्यांचे. फोटोच्या पोटात काढल्याची तारीख असते, तिच्यावरून ते वर्षवार लावून दिले. वर्डच्या फाइली मात्र एकेक उघडून बघाव्या लागल्या. तीन आठवडे लागले. वरिष्ठ काही बोलले नाहीत, रोज येऊन नुसतं उभे राहायचे.

प्रश्न : माझ्या एनटीएफएस ड्राइव्हवरून ४० हजार छोट्या टेक्स्ट फाइली एक्सफॅट ड्राइव्हवर नेल्या. तिकडं 'साइझ ऑन डिस्क' १५० एमबीच्या आसपास होतं, इथं जवळपास ४.९ जीबी! काही बिघडलं का? यात व्हायरस असू शकतो का?

बिघडलं नाही आणि व्हायरसही नाही. खणांचा आकार बदलला. मोठ्या ड्राइव्हवर विंडोज एनटीएफएसला सहसा ४ केबीचे खण पाडतं, आणि ३२ जीबीच्या वरच्या एक्सफॅटला १२८ केबीचे. एका खणात एकच फाइल. तुमची २ किंवा ३ केबीची फाइल तिकडं ४ केबीच्या खणात बसली होती, इथं १२८ केबीचा खण अडवून बसली. ४० हजाराला १२८ नं गुणा, ५१ लाख २० हजार केबी, म्हणजे ४.९ जीबी. तुमचंच गणित जुळलं. ताळा करताना नेहमी 'साइझ' बघायचं, 'साइझ ऑन डिस्क' नाही. आणि या ४० हजार फाइली एका झिपमध्ये बांधल्यात तर ड्राइव्हही सुटेल आणि कॉपीही कितीतरी पटीनं लवकर होईल.

प्रश्न : मुलीकडं मॅक, माझ्याकडं विंडोज. एनटीएफएस डिस्क तिला दिली तर ती म्हणते, 'आई, यात काही टाकता येत नाही.' जावई म्हणतात, फाइल सिस्टिम जागच्या जागी बदलणं कधीच सुरक्षित नसतं. खरं आहे का?

पहिलं बरोबर आहे. मॅक एनटीएफएस वाचतो, स्वतःहून तिच्यात लिहीत नाही. तुम्हा दोघींसाठी एक्सफॅट, वर सांगितलेल्या पद्धतीनं : प्रत, ताळा, फॉरमॅट, परत. मॅकवरून आलेल्या डिस्कवर तुम्हाला टिंब आणि खालच्या रेघेनं सुरू होणाऱ्या छोट्या फाइली दिसतील. तो मॅकचा जोडकागद आहे, त्यात तुमचे फोटो शोधत बसू नका.

जावईबापूंना मात्र माझ्यातर्फे सांगा की त्यांच्याकडं तेव्हाचा आयफोन असेल, तर त्याच्या पोटात हे घडून गेलंय. मार्च २०१७ मध्ये आयओएस १०.३ आलं तेव्हा ॲपलनं एचएफएस प्लस या जुन्या पद्धतीवरून एपीएफएस या नव्या पद्धतीवर फोनमधली वही जागच्या जागी बदलली, बहुतेकांना पत्ताही न लागता. पण तो बदल करण्याआधी, त्याच्या अगोदरच्या अपडेटांमध्ये त्यांनी नुसत्या रंगीत तालमी घेतल्या होत्या : नवी वही लिहायची, तपासायची आणि टाकून द्यायची. लिनक्सवाल्यांचं 'बीटीआरएफएस-कन्व्हर्ट' तर जुनी ईएक्सटी-४ ची वही बदलानंतरही सांभाळून ठेवतं, म्हणजे पटलं नाही तर मागं फिरता येतं. तेव्हा 'कधीच नाही' हे जरा जास्त झालं.

प्रश्न : ३ टीबीच्या डिस्कवर २ टीबीच दिसतात. एनटीएफएस केलं तर पूर्ण दिसेल का? आणि विंडोज बसवायच्या पेनड्राइव्हलाही एनटीएफएस केलेलं चालेल?

पहिल्याला नाही. ती मर्यादा वहीची नसून वखारीच्या नकाशाची आहे. डिस्क एमबीआर पद्धतीनं आखलेली असणार, त्यात सहसा २ टीबीच्या पुढं आकडे संपतात. नकाशा जीपीटी या नव्या पद्धतीनं आखावा लागेल. त्याच्यासाठीही आधी प्रत. दुसऱ्यालाही नाहीच म्हणते : मशिन सुरू करणाऱ्या यूईएफआय या आतल्या प्रोग्रॅमला फॅटची वही हमखास वाचता येते, एनटीएफएस काही मशिनांना येते, काहींना नाही. बूट पेनड्राइव्ह फॅट-३२ च राहू द्या.

प्रश्न : मॅडम, तुमच्या गेल्या वेळच्या ओळीवरून मी स्वतःच शोधून कन्व्हर्ट चालवलं. फाइलींची प्रत काढलेली आहे. पण ते 'करंट व्हॉल्यूम लेबल' टाका म्हणतं. मी असा कुठलाच पासवर्ड ठेवला नव्हता. मशिनचा पासवर्ड टाकला, चालला नाही. बँकेचासुद्धा टाकून पाहिला.

बँकेचा आज बदलून टाका. तिथं टाइप केलेलं स्क्रीनवर उघडं दिसतं.

लेबल म्हणजे डिस्कचं नाव. 'धिस पीसी' उघडा, अक्षराच्या आधी जे लिहिलेलं असतं ते. फॅटमध्ये ते जास्तीत जास्त ११ अक्षरांचं असतं. कन्व्हर्ट ते एवढ्यासाठीच विचारतं की तुम्ही बोट ठेवलंय ती डिस्क तीच आहे ना. नाव चुकलं की ते काही न करता बाहेर पडतं, तेव्हा तुमच्या दोन्ही प्रयत्नांत डिस्कला काही झालेलं नाही. खात्री हवी असेल तर त्याच काळ्या खिडकीत 'व्हॉल ई:' म्हणा, नाव तिथं येईल. 'लेबल नाही' असं आलं, तर कन्व्हर्ट पुन्हा चालवा आणि त्यानं विचारलं की काहीही न लिहिता नुसतं एंटर दाबा.